कमळकळी आणि चार खोल्या

झाडंसुद्धा माना वळवून बोलणं ऐकायची त्या काळची ही गोष्ट. तळ्याकाठच्या टिपकी हरिणीला चार पावलं पळताच धाप लागे. कळप उद्या पलीकडच्या कुरणात निघणार होता, आणि मधला माळ एका दमात पळत ओलांडायची त्यांची रीत होती. मागे पडेल तो वाघाचा.

ती कासववैद्याकडे गेली. त्यानं पायाची नाडी पाहिली आणि डोळे मिटले. "पोरी, हृदय म्हणजे खाली तोंड केलेली कमळकळी. जागेपणी उमलते, झोपेत मिटते. तुझी पुरती उमलत नाही."

त्याच्याच दवाखान्यात बसणारा सुतारपक्षी डॉक्टर तिच्या छातीवर टकटक करून कान लावून बसला होता. "कसली कळी, आजोबा? आत चार खोल्या आहेत, त्यांना झडपा आहेत. हिची एक झडप नीट मिटत नाही."

"तुझा जन्म ढोल्या पोखरण्यात गेला, तुला खोल्याच दिसणार."

"आणि तुमचा चिखलात."

गिऱ्हाईक दारात ताटकळावं आणि भागीदारांनी आत भांडत बसावं, तशातली गत झाली. टिपकीच्या मिटल्या डोळ्यांपुढे कमळं तरंगू लागली. एकेका कमळात इवल्या खोल्या होत्या आणि त्यांची दारं संथ हलत होती.

"उमलत नाही की मिटत नाही, ते सावकाश ठरवा," ती म्हणाली. "उद्या मी पळू का?"

"नको," दोघं एकदम म्हणाले आणि ओशाळले.

तेच सांगायला दोघं मिळून कळपाच्या म्होरक्याकडे गेले. या दोघांचं एकमत झालेलं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टिपकीला मधोमध घेऊन सगळा कळप माळावरून चालत गेला.