राजानं कोंडलेला प्रवाह

एका राज्यात चहूकडे समुद्र, मधोमध बेट, आणि बेटावर दंडधर नावाचा हेकट राजा. दक्षिणेचा उबदार प्रवाह बेटाला वळसा घालून निघून जाई, मागून उत्तरेचा गार प्रवाह येई. गार पाणी आलं की राजाचे गुडघे धरत. त्यानं कपालकेतू मांत्रिकाला हुकूम सोडला, "उबदार प्रवाह इथंच बांध."

मांत्रिकानं प्रवाहाचं तोंड त्याच्याच शेपटीला बांधलं. प्रवाह घाण्याच्या बैलासारखा बेटाभोवती फिरू लागला. लोक खूश झाले. लोकांना अक्कल उशिराच येते. पाणी तापत गेलं, पोवळी पांढरी पडली, मासे उताणे तरंगले.

त्या राजघराण्याची रीत अशी, की वारस जन्मला की आधी त्याला समुद्रात बुडवून काढायचं. मग त्याचा जीव समुद्राशी जोडला जाई. आता समुद्र तापला, तसा राजपुत्र नीलध्वजही तापला. राणी हेमांगी त्याच्या कपाळावर हात ठेवी, चटका बसला की काढी, पुन्हा ठेवी.

खिडकीत पाणकावळा येऊन बसला.

"राणी, ओल्या पट्ट्यांनी काय होतंय? पाणी वाहतं तोवर ऊब पुढं नेतं. कोंडलं की तापणारच. तळाचं गार पाणी आणून गाठीवर ओत. मांत्रिकाकडून सुटकेचा मंत्र घे. आणि ज्यानं बांधायला लावलं, त्याला पाण्यात उभं करून त्याच्याच तोंडून तो मंत्र म्हणवून घे. उशीर केलास तर पोर गेलं समज."

राणीनं होडीतून कळशी दोरानं तळाशी सोडली, गार पाणी आणून गाठीवर ओतलं. गाठ ढिली झाली. मांत्रिकानं मंत्र लगेच दिला. म्हणाला, "बांध म्हणाले, बांधला. सोडायचं कुणी विचारलं नाही."

राजा मात्र हलेना.

"गार पाणी आलं की मला चालवत नाही."

"महाराज, तुम्हाला पालखी आहे. पोरासाठी तिरडी बांधायला सांगू का?"

राजा उठला. कढत पाण्यात गुडघाभर शिरला. पाय पोळले. राणीनं मागं पाहिलं, महालाकडून रडणं ऐकू येतं का म्हणून. मग राजा मंत्र म्हणाला.

गाठ सुटली. उबदार प्रवाह आपल्या वाटेनं गेला, गार प्रवाह आत शिरला, त्याच्याबरोबर मासे आले.

राणी धावत महालात आली. नीलध्वज अंग चोरून पडला होता.

"आईसाहेब," तो कुरकुरला, "थंडी वाजते."

राणी त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "पुन्हा सांग, बाळा."