शेठचा घरचा डबा

धाकूनानांचा बाहेरच्या जेवणावर कधीच विश्वास नव्हता. पण सुनेला सातवा महिना, तिला बांगड्याचं कालवण खावंसं वाटलं, म्हणून सगळं घर रावजीशेठच्या खानावळीत आलं. दारावर मोठी पाटी होती, 'अस्सल घरगुती जेवण'. ताटं आली तसं नानांनी कालवण हुंगलं आणि सुनेचा हात धरला.

"थांब सुगंधा. याला वास येतोय."

मुलगा शरमला. "नाना, इथंही सुरू झालात?"

गल्ल्यावरून रावजीशेठ गुरगुरले, "आजोबा, तीस वर्षं लोक बोटं चाटून जातायत. अगदी घरच्यासारखं आहे. खायचं तर खा, नाहीतर उठा."

नाना उठलेच, पण दाराकडे न जाता गल्ल्याकडे गेले. तिथं शेठनी घरून आलेला डबा नुकताच उघडला होता. आत भाकरी आणि वालाची उसळ. नानांनी आपलं ताट त्याच्या शेजारी ठेवलं.

"घरच्यासारखंच आहे ना? मग बदलू. तुम्ही हे खा, आमची पोर तुमचा डबा खाईल."

शेठ खुर्चीत मागं सरकले. "मला इथलं सोसत नाही. पित्त होतं."

"तीस वर्षांत मालकाला सोसलं नाही, ते सातव्या महिन्यातल्या पोरीला सोसेल होय?"

बाकड्यांवरच्या लोकांचे घास हातातच राहिले. शेठनी डबा पुढं केला.

नानांनी तोही हुंगला. "आधी तुम्ही एक घास खा."

तो मात्र शेठनी लगेच खाल्ला.