हैबतीने विकलेल्या बांगड्या

राजेराण्यांच्या काळातली गोष्ट. एका मोठ्या तळ्याच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावाला एक हरकारा होता. हरकारा म्हणजे निरोप पोचवणारा माणूस. खांद्यावर घुंगरांची काठी टाकायची आणि ऊन म्हणू नये, पाऊस म्हणू नये, या गावचा निरोप त्या गावाला पळत न्यायचा. ज्याच्या हाती काठी, त्याला वेशीजवळचं कौलारू घर राहायला मिळायचं.

एका वर्षी म्हातारा हरकारा वारला. त्याचा मुलगा हैबती चांगला काटक गडी होता. पण काठी बापाकडून मुलाकडे आपसूक जायची नाही. त्यासाठी तळ्याची फेरी जिंकावी लागे.

फेरीची रीत मोठी गमतीची. पाटलाच्या ओट्यापुढे पाण्याने भरलेलं घंगाळ ठेवायचं. त्यात बुडाला बारीक भोक असलेली वाटी सोडायची. वाटी हळूहळू भरून बुडाली की नगारा वाजायचा. नगारा झाला की रेघेवर उभ्या असलेल्यांनी तळ्याला फेरी मारायला निघायचं आणि वाटी पुन्हा बुडायच्या आत परत यायचं. पळा, चाला, नाहीतर रांगत या, कोणी विचारणार नाही. पण नगाऱ्याला जो रेघेवर उभा नसेल, तो बाद. शेवटी एकटा उरेल, त्याची काठी.

फेरीच्या दिवशी पहाटे आई हैबतीला म्हणाली, "हरलास तर मामाकडे जाऊ राहायला, त्यात काय एवढं?" पण हे म्हणताना ती आपल्या चुलीकडे बघत होती. हे घर गेलं तर आईचं कसं व्हायचं, एवढंच हैबतीच्या डोक्यात घोळत राहिलं.

रेघेवर बरेच जण जमले होते. तालमीतला पैलवान होता, मांड्या थोपटत. आणि डोक्यावर रिकामी टोपली घेऊन ठकू कासारीणही आली होती. ही बाई गावोगाव हिंडून बांगड्या विकायची.

पाटील हसले. "ठकूबाई, तुम्ही कशाला?"

"गावोगाव तर रोजच हिंडते. म्हटलं, आज एकाच तळ्याभोवती हिंडून बघावं. काठी मिळालीच, तर तिला बांगड्या भरीन!"

नगारा वाजला. हैबती आणि पैलवान सुसाट सुटले. सगळ्यांच्या आधी परत यायचं, मग रेघेशेजारी बसायचं आणि डोळे लावायचे त्या वाटीवर. वाटी भरत जाई तसा हैबतीचा जीव खाली जाई. "पोटरी दुखतेय. टाच दुखतेय. अजून किती फेऱ्या?" दात आवळून तो उठायचा. घोटभर ताक पुढे केलेल्या माणसावरसुद्धा तो खेकसला.

ठकूबाईचं मात्र भलतंच चाललं होतं. ती काठाने रमतगमत जायची, धुणं धुणाऱ्या बायकांना टोमणे मारायची, बोरं वेचायची आणि मोठ्याने हाळी द्यायची, "बांगड्याऽ घ्या बांगड्याऽ!" टोपली तर रिकामी! नगाऱ्याच्या अगदी तोंडावर ती रेघेवर हजर. बसायला तिला वेळच मिळायचा नाही.

ऊन चढलं तशी माणसं गळायला लागली. कोणाला चक्कर आली, कोणाला भुकेने धरलं. दुपार कलली तेव्हा तिघेच उरले. हैबती, पैलवान आणि, घ्या, ठकूबाई!

हैबतीचे पाय आता लाकडासारखे झाले होते. धावणं जमेना. तो ठकूबाईच्या बाजूने चालू लागला.

"मावशी, तुमचे पाय दुखत नाहीत?"

"दुखतात की! पण सारखं त्यांनाच काय विचारायचं? चल, पैज लाव. पुढच्या वळणावर म्हैस कोणत्या अंगाला तोंड करून बसली असेल?"

"मला नाही असला पोरखेळ करायचा," हैबती म्हणाला. पण वळण आलं तेव्हा त्याने म्हशीकडे बघितलंच. म्हैस पाण्यात डुंबत होती आणि तिच्या पाठीवर पाटलांचं धोतर होतं. परटाने वाळत घातलेलं धोतर वाऱ्याने उडून नेमकं तिच्यावर पडलं होतं. हैबती इतका हसला, इतका हसला, की रेघ कधी आली ते कळलंच नाही.

पण पुढच्याच नगाऱ्याला ठकूबाई रेघेबाहेर उभी राहिली. "माझा गुडघा रुसला बाबा. आज मला भारी मजा आली. आता तुझं तू बघ."

हैबती एकटा निघाला. पुढे पैलवान पळत होता, आणि हैबतीला परत सगळं आठवलं. टाच, पोटरी, आई, चूल, मामाचं घर. दात आपोआप आवळले गेले. निम्म्या वाटेवर उंबराची गार सावली होती. तिथे तो थांबला. बसावं का? एकदा बसलो की उठणं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याला ठकूबाईची हाळी आठवली. पण हरकाऱ्याच्या मुलाने भर गावात बांगड्यांची हाळी द्यायची? लोक काय म्हणतील? सावलीत बसलो तर मात्र कोणी नावं ठेवणार नाही, बिचारा थकला म्हणतील. हैबतीने तोंडाशी हात धरले आणि जोरात ओरडला, "बांगड्याऽ घ्या बांगड्याऽ!"

धुण्यावरच्या बायकांनी हातातलं धुणं खाली ठेवलं. मग एकीने विचारलं, "हिरव्या आहेत का रे?"

"आहेत की! मापाला हात तरी दाखवा!"

"मला लाल ठेव!"

"म्हशीला घालायच्यात का धोतरावर?" हैबतीने विचारलं आणि काठभर हशा पिकला.

पुढची फेरी, त्याच्या पुढची फेरी, हैबती बांगड्या विकतच फिरला. पोरंटोरं मागे लागली, म्हातारे ओट्यावरून भाव पाडू लागले. पाय दुखतच होते, पण ते आपले चालत होते.

पैलवान रेघेशेजारी बसून घाम पुसत होता. पलीकडच्या काठावरून आवाज आला, "बांगड्याऽ घ्याऽ!" पैलवानाने कान टवकारले. 'बाप रे! याच्या अंगात अजून ओरडायचं बळ आहे? मग हा काय उद्यापर्यंत थांबत नाही.' त्याचं अवसानच गळालं. हैबती रेघेवर आला, वाटी बुडाली, नगारा वाजला. पैलवानाने जमिनीला हात टेकला, अर्धवट उठला आणि परत खाली बसला.

पाटलांनी घुंगरांची काठी हैबतीच्या हाती दिली. आईने डोळ्यांना पदर लावला.

पैलवान लंगडत जवळ आला. "खरं सांग, ताकद माझी जास्त. मग तू कसा टिकलास?"

"पाय तुझ्याइतकेच दुखत होते," हैबती म्हणाला. "पण गिऱ्हाईक इतकं होतं, की पायांकडे बघायला सवड झाली नाही."

पैलवान खो खो हसला. दिवसभरात पहिल्यांदाच. हसता हसता पायांचं दुखणं तो विसरलाच होता, आणि हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

तात्पर्य: लांबच्या वाटेवर पाय सगळ्यांचेच दुखतात; वाटेतली मजा घेणारा त्या दुखण्यासकट चालत राहतो.