रावसाहेबांचा नवाकोरा ट्रॅक्टर

रावसाहेब काटकरांच्या गोदामाचं दार उघडलं आणि शेवंताचे पाय जमिनीवर ठरेनात. बारा वर्षं कापडाखाली उभा असलेला लालभडक ट्रॅक्टर! मीटरवर फक्त चाळीस तास! बचतगटाच्या बायकांनी पेरणीआधी ट्रॅक्टर घ्यायचाच, असा चंग बांधला होता आणि बोलणी करायला शेवंताला पाठवलं होतं.

खुर्चीत रेललेले रावसाहेब गुरगुरले, "किंमत नव्याचीच. दर दसऱ्याला हार घालतो, बाकी जागचा हलवला नाही."

"पण टायरांना चिरा पडल्यात. रबरी पाइप वाळून कडक झालेत."

"काहीतरीच! जो कधी राबलाच नाही, तो खराब होईल कसा? पटवून दे, निम्म्या किमतीत ने!"

शेवंता उत्साहानं पुढं सरसावली. "रावसाहेब, बारा वर्षं तुम्हीही या खुर्चीतून हलला नाहीत. आता कुणाचा हात न धरता एका दमात उठून दाखवा. उठलात, तर नव्याची किंमत देते."

रावसाहेबांनी जोर लावला. गुडघे कटकन वाजले आणि ते धपकन पुन्हा खुर्चीत बसले. त्यांना उठवायला दोन गडी धावले.

"मला राहू द्या रे," रावसाहेब कण्हत म्हणाले, "आधी शेवंताच्या ट्रॅक्टरला धक्का मारा."