चमक न सोडणारा मोती

एका राज्यात एक नियम होता: मोती खलात पडला की तो कुठून आला, हे विचारायचे नाही. घोटणाऱ्याने घोटायचे. वेणाला हा नियम सातव्या वर्षी सांगितला गेला. आता तिला एकोणिसावे लागले होते.

राजाच्या अंगात आग होती. डोळे मिटले की पापण्या जळत. मधातून मोत्याची पिष्टी, म्हणजे घोटून केलेली पूड, चाटली तरच त्याला झोप लागे, आणि एक मोती महिनाभर पुरे. मोती तीन दिवस पानांच्या रसात उकळायचा, तीन आठवडे गुलाबपाण्यात घोटायचा, मग चिमटीत घेऊन पाहायचा. चमक गेली, पूड बोटाच्या रेषांत शिरली, की औषध तयार.

वेणाचे खांदे भरून आले होते. सारे राज्यच थकलेले होते. कुंभार चाकापाशी डुलत, पण झोपत नसत. दर महिन्याला कोणीतरी एक जण झोपेला मुके. राजवैद्य, वेणाचे आजोबा, म्हणत, "हवाच तशी आहे."

या खेपेचा मोती मात्र एकवीस दिवस घोटूनही चमक सोडीना.

"आजोबा, हा मोती कुठला?" वेणाने राजवैद्यांना विचारले.

"घोट, पोरी."

तिने राजगुरूंना विचारले. "रीत आहे," ते म्हणाले.

तिने प्रधानांना विचारले. "महाराज वाट पाहताहेत," ते म्हणाले.

गुलाबपाण्याच्या घागरीवर एक टिटवी येऊन बसली.

"बारा वर्षे हात चालवलास," टिटवी म्हणाली. "डोके कधी चालवणार? तुझी आई किती दिवस झोपली नाही?"

शेजारच्या चुलीवर वेणाची आई गुलाबपाणी काढीत होती. तिचे डोळे लाल होते.

"चोवीस. तीन उकळण्याचे, एकवीस घोटण्याचे," वेणा म्हणाली, आणि तिच्या हातातला बत्ता थांबला.

"राजाने एकदा निजलेल्या मांत्रिकाच्या कानाशी नगारे वाजवले," टिटवी म्हणाली. "मांत्रिकाने शाप दिला: दुसऱ्याची झोप घेत राहशील, तोवर तुझी तुला येणार नाही. तळ्यातल्या शिंपल्यांना ज्याचे नाव सांगितले जाते, त्याची झोप ओढून ते तिचा मोती करतात. चमक गेली, की झोप राजाची झाली. घोटणारी पोटचीच पोर, म्हणून ही झोप परकी होईना."

वेणाने खलातली पूड मधात कालवली आणि आईच्या जिभेवर ठेवली. आई भिंतीला टेकली आणि तिथेच झोपली.

भर दुपारी राजा स्वतः दारात आला. मागे राजवैद्य, राजगुरू आणि प्रधान हे तिघे वृद्ध होते.

"माझे औषध?"

"संपले, महाराज. आईची झोप होती ती. आईला दिली."

"मग मी झोपू कसा?"

"जागे राहा. दमाल. दमलेल्या माणसाला झोप येते. आम्ही दमलो, तर आमच्यापाशी तीही उरली नाही."

राजा उंबऱ्यावर बसला. बराच वेळ बसला. महालात खलाचा आवाज नव्हता. मग त्याने जांभई दिली, खांबाला डोके टेकले, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा तो स्वतःच्या झोपेत शिरला. अंगातली आग निवली.

शाप सुटला. तळ्यातले शिंपले उघडले, ते रिकामे होते. कुंभार चाकापाशी आडवे झाले, पहारेकरी भाल्याला धरून घोरू लागले. टिटवीनेही एक डोळा मिटला.

वेणाखेरीज जागे होते ते तिघे वृद्ध. त्यांचे डोळे स्वच्छ होते, चेहरे ताजे.

"उठल्यावर महाराज औषध मागतील," प्रधान म्हणाले. "तयार असलेले बरे. रीत मोडू नये."

राजवैद्यांनी बत्ता उचलून नातीपुढे धरला. "घे, पोरी. हट्ट पुरे."

वेणाने हात मागे घेतले.

"नाही घोटणार, आजोबा. बारा वर्षांत अख्ख्या राज्याच्या झोपेचे मोती या खलात आले. तुमच्या तिघांचा एकही कसा आला नाही?"

राजवैद्यांनी राजगुरूंकडे पाहिले. राजगुरूंनी प्रधानांकडे. प्रधानांनी जमिनीकडे.