सूर्य मावळेना, पहारा बदलेना

एका राज्यात सूर्य एकदा मावळायचाच राहिला. शत्रूच्या मांत्रिकाने त्याला डोंगराच्या धारेवर खिळवलं, आणि राजा उदयभान, त्याचं सैन्य, मागचं गाव, सगळे जिथल्या तिथे झोपी गेले. जागा राहिला एकटा सिदोजी. सैन्याच्या पुढे, खिंडीच्या तोंडावर तो पहाऱ्याला उभा होता. मंत्र तिथवर पोचलाच नाही.

त्याच सकाळी गावात सिदोजीच्या बायकोला मुलगी झाली होती. सूर्य मावळला की पहारा बदलणार, मग तो लेकीचं तोंड पाहणार. आणि आता बदलीचा गडी मागे खुशाल घोरतोय!

एक भारद्वाज पक्षी कातळावर येऊन बसला. म्हणाला, "सिदोजी, पहारा बदलेल तेव्हाच सूर्य मावळेल. चौकीवर गडी उभा आहे तोवर खिंडीतली देवी शत्रूला आत येऊ देणार नाही. पण चौकी ओस पडली, तर मांत्रिकाची फौज झोपलेल्यांना कापून काढील."

"समजलं," सिदोजी म्हणाला.

सोनेरी उन्हात धूळ तरंगत राहिली. किती काळ, ते मोजायला दिवसच सरत नव्हता.

पहिल्यांदा मांत्रिक म्हातारी होऊन आला. "लेकरा, खाली सावलीत ये, ताक पी."

"आजी, इथं आणून दे, नाहीतर राहू दे."

दुसऱ्यांदा तो सिदोजीची बायको होऊन आला, दुपट्यात बाळ घेऊन. "धनी, लेक पाहायला खाली या ना."

सिदोजी ढसाढसा रडला. दगड थोडाच होता तो! "कारभारणी, पहारा बदलला नाही गं अजून," म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

तिसऱ्यांदा आला राजा होऊन. "सिदोजी, तुला मोकळं केलं. जा."

"आज्ञा शिरसावंद्य, महाराज. पण चौकी ओस टाकायची नाही. नाव सांगून भाला हाती घ्यावा."

भाला खिंडीतल्या देवीचा. खोट्या नावाने धरणाऱ्याचे पाय जमीन सोडत नसत. राज्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. परमुलखाच्या मांत्रिकाला कोण सांगणार? चौकी आयती हाती आली म्हणून तो हरखला.

"मी राजा उदयभान," म्हणाला, भाला धरला, आणि घोट्यापर्यंत रुतला. सोंग गळून पडलं. पहारा बदलला होता. सूर्य मावळला.

राज्य जागं झालं. आपलाच मांत्रिक खिंड राखताना पाहून शत्रूची फौज मुकाट माघारी फिरली. राजा बक्षिसाचं विचारत होता, पण सिदोजी थांबतोय कुठला!

दारात बायकोने त्याच्याकडे पाहिलं. "धनी, सकाळी तर दाढी काळी होती."

"पहारा जरा लांबला," सिदोजी म्हणाला.

तिने लेक त्याच्या हातात दिली. पोरीने डोळे उघडले, आणि बापाच्या पांढऱ्या दाढीत मूठ घालून घट्ट धरली.