पानावर आडवा धरलेला हात

“...पण मग लोक ऐकत का नाहीत, बुवा?”

मठाच्या ओसरीवर बसून वामनराव टिपणीस पुन्हा तेच विचारत होते. राज्याचं आहार धोरण त्यांच्या हातचं. शाळेच्या खिचडीतलं तेल, वसतिगृहांतलं मीठ, सरकारी बैठकांतली बिस्किटं, सगळ्यांवर त्यांनी कात्री चालवली होती. निवृत्त झाले तरी साहेबी ऐट काही उतरली नव्हती.

मठाचे भार्गवबुवा समोर वाती वळत बसले होते.

“मधुमेह काय, रक्तदाब काय, पुष्कळसं टाळता येतं. सरकारनं सांगायचं तरी किती?”

“घरचं कोणी गेलं का?”

वामनराव अडखळले.

“धाकटा भाऊ... अनंता. मधुमेहानं आधी पाय गेला. मग तो.”

“त्यानं ऐकलं नाही?”

“ऐकलं होतं.” त्यांचा आवाज उतरला. “सगळं धोरण तोंडपाठ होतं त्याला. ते मंजूर झालं म्हणून मी घरी पंगत घातली. मी जिलबी वाढायला गेलो, तर यानं पानावर हात आडवा धरला. मी म्हटलं, आज माझ्यासाठी... आणि हात बाजूला केला. सगळे हसले. तोही हसला.”

“मग?”

“मग दर सणाला तेच. तो हात धरायचा, मी बाजूला करायचो... प्रेमच होतं हो, बुवा.”

बुवा उठले. आत दुपारची पंगत बसली होती. शिऱ्याचं पातेलं त्यांनी वामनरावांच्या हाती दिलं आणि स्वतः पहिल्या पानावर जाऊन बसले.

वामनराव वाकले. बुवांनी पानावर हात आडवा धरला.

“घ्या हो, एवढासा. प्रसादाला नाही म्हणू नये. माझ्यासाठी...”

बोलून गेले, आणि शिऱ्याने भरलेला डाव तसाच अधांतरी राहिला.

अनंताचा हात आठवला. बाजूला करताना तो कधीच जोर करायचा नाही. वामनरावांना रडू कोसळलं. स्मशानातही ते इतके रडले नव्हते.

“बुवा, मी...”

पंगत खोळंबली होती. शेजारच्या पानावरचे आजोबा डावाकडे बघत, नको म्हणावं की न म्हणावं अशा विचारात बसले होते.

बुवांनी हात हलवला नाही.

“माझा हात आहे तिथंच आहे, वामनराव. पुढच्या पानाकडे चला.”